तळ किती जाड? छोट्या बोटीच्या सांगाड्याचा अभ्यास : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

बोट ठरली. पाच मीटर लांब, वरून उघडी, तळ जवळपास सपाट, प्लायवुड आणि इपॉक्सी गोंदात बांधायची. वल्ह्यांवर चालेल, मागे एक छोटं आउटबोर्ड इंजिन. माणसं, सामान, इंजिन सगळं धरून भरलेलं वजन ८०० किलो. बाहेरचा आकार कागदावर तयार आहे, आतला सांगाडा नाही. तो मला समजून घ्यायचा आहे. मी इंजिनिअर नाही. हिशेब तपासणं हा माझा पेशा. शेवटी कागद नेव्हल आर्किटेक्टकडे, म्हणजे बोटींचे आराखडे करणाऱ्या बाईंकडे, जाणारच, आणि त्यांची सही झाल्याशिवाय करवत उचलायची नाही हेही ठरलेलं. पण त्या नक्की काय तपासतात हे कळलं पाहिजे.

पहिला प्रश्न कुणीही विचारेल तोच : तळाला किती मिलिमीटरचं प्लाय?

सांगाड्याच्या भागांच्या मापांना या धंद्यात 'स्कँटलिंग' म्हणतात. लहान बोटींसाठी त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२२१५. त्याचा पाचवा भाग माझ्या कामाचा : पाण्याचा दाब किती धरायचा, मालाला किती ताण सोसू द्यायचा आणि त्यातून मापं कशी काढायची. २००८ ची आवृत्ती २०१९ मध्ये सुधारली गेली. शिकायला मी जुनी धरतो, तिची मांडणी सरळ आहे. तपासणी अर्थातच नव्या आवृत्तीवर होईल.

त्याआधी बोट कुठल्या पाण्यात जाणार हे सांगावं लागतं. 'अ' ते 'ड' असे चार वर्ग आहेत. 'अ' म्हणजे महासागर, 'ड' म्हणजे आडोशाचं शांत पाणी. माझी 'क' वर्गातली : वारा ब्यूफोर्ट मापावर ६ पर्यंत, लाटा २ मीटरपर्यंत. हा वर्ग आधी ठरवला नाही तर पुढचा एकही आकडा निघत नाही.

६ जानेवारी

एककं. सगळं न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये, दुसरं काही नाही. दाब किलोन्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला हजाराने भागलं की न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एक किलो वजन म्हणजे ९.८१ न्यूटन. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. गणित म्हणाल तर बेरीज, गुणाकार, वर्गमूळ. इंटिग्रल कुठेही लागत नाही. ते ज्यांनी करायचं त्यांनी करून उत्तरं कोष्टकांत घातली आहेत.

११ जानेवारी

पट्टी वाकते म्हणजे काय होतं? दोन टेकूंवर ठेवून मधे दाबली की वरचा थर आखडतो, खालचा ताणला जातो आणि मधल्या थराला काहीच होत नाही. म्हणजे कामाचा माल वर आणि खाली. आय आकाराचा गर्डर मधे बारीक का असतो, त्याचं कारण एवढंच.

यातून दोन आकडे येतात आणि ते वेगळे ठेवायचे. एक ताकदीचा, सेक्शन मॉड्युलस : आयताकृती तुकड्यासाठी रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले ६. दुसरा ताठपणाचा, मोमेंट ऑफ इनर्शिया : रुंदी गुणिले उंचीचा घन, भागिले १२. २५ बाय ४५ मिमीची लाकडी पट्टी उभी ठेवली तर सेक्शन मॉड्युलस ८,४३७ घन मिमी. आडवी ठेवली तर ४,६८७. तीच पट्टी, तेच वजन, ताकद निम्म्याहून थोडी जास्त. ताठपणात फरक सव्वातीनपट.

मोडणं आणि वाकणं या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. मोडत नाही पण पायाखाली लचकते अशी बोट असते; अजिबात लचकत नाही आणि एकाच ठोक्यात तडकते अशीही असते. बोलताना लोक दोन्हींना 'मजबूत' म्हणतात. या वहीत तो शब्द वापरायचा नाही : 'ताकद' लिहायचं किंवा 'ताठपणा'.

१४ जानेवारी

प्लायवर प्रत्यक्ष प्रयोग. ६ मिमीच्या एकाच शीटमधून ५० मिमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या : काहींत वरच्या थराची रेषा (लाकडाच्या तंतूंची दिशा) लांबीच्या दिशेने, काहींत आडवी. टेकूंतलं अंतर ५०० मिमी. मधोमध १ लिटर पाण्याची पिशवी टांगली आणि बाक, म्हणजे पट्टी मधे किती खाली वाकली ते, मोजला.

रेषा लांबीच्या दिशेने : ५ मिमी.
रेषा आडवी : २२ मिमी.

शीट एकच आणि फरक चौपटीहून जास्त. कारण कडेला दिसतं : लागून असलेल्या थरांची रेषा एकमेकींना आडवी असते. व्हर्नियर लावला तर बाहेरचे दोन थर प्रत्येकी १.४ मिमी आणि मधला ३.२ मिमी. मधला सगळ्यात जाड असूनही वाकवताना त्याचा वाटा जेमतेम १५ टक्के, कारण ३.२ भागिले ६ याचा घन ०.१५. उरलेला ८५ टक्के भार बाहेरचे पातळ थर उचलतात. ते आडवे झाले की सगळं ओझं मधल्यावर येतं, आणि तो मधे असल्यामुळेच वाकायला फारसा विरोध करू शकत नाही.

तिन्ही थर सारख्या जाडीचे असते तर हा फरक अजून वाढला असता : एका दिशेला २७ पैकी २६ भाग, दुसरीकडे फक्त एक. पाच सारखे थर घेतले तर १२५ पैकी ९९ आणि २६. थर जितके जास्त तितक्या दोन दिशा एकमेकींच्या जवळ येतात. प्लाय घेताना जाडीबरोबर थर मोजायचे ते यासाठी. दोन शीटवर '६ मिमी' असाच शिक्का असतो आणि कामाला त्या सारख्या नसतात.

बाकावरून माल किती ताठ आहे तेही काढता येतं. वजन गुणिले अंतराचा घन, भागिले ४८, भागिले बाक, भागिले मोमेंट ऑफ इनर्शिया. पट्टीचा मोमेंट ऑफ इनर्शिया ९००. रेषेच्या दिशेने यंग्ज मॉड्युलस (मालाच्या ताठपणाचा आकडा) साधारण ५,७०० न्यूटन प्रति चौ. मिमी आला, आडव्या दिशेने १,३०० च्या आसपास. तुलनेसाठी : अ‍ॅल्युमिनियम ७०,०००, पोलाद २,०५,००० ते २,१०,०००. प्लाय इतकं मागे आहे खरं, पण त्याची घनता पोलादाच्या तेराव्या हिश्शाएवढी, त्यामुळे त्याच वजनात ते कितीतरी जाड वापरता येतं. जाडीचा घन होतो हे आठवलं की लाकडी बोटी अजून का बांधल्या जातात याचं नवल वाटत नाही.

१५ जानेवारी

कालच्याच पट्ट्या मोडल्या. बादली टांगून हळूहळू पाणी ओतत गेलो. लांबीच्या रेषेची पट्टी आधी कुरकुरली, मग खालच्या थराचे तंतू एकेक सुटले आणि ११ किलोच्या आसपास ती गेली. ताण येतो ४५ न्यूटन प्रति चौ. मिमी. सगळ्या पट्ट्या एकाच वजनाला मोडत नाहीत. मी खालचा आकडा धरला.

मानक म्हणतं, प्लायच्या तक्त्याला (आधाराच्या पट्ट्यांमधल्या तुकड्याला) मोडण्याच्या ताणाच्या निम्माच ताण येऊ द्या. म्हणजे २२.५. मी २० धरतो. सुरक्षिततेची सोय इथे, ताणाच्या आकड्यात, आधीच करून ठेवलेली असते हे ध्यानात ठेवायचं. पुढे दाबात थोडं वाढवलं, जाडीत थोडं वाढवलं, पट्टीत थोडं वाढवलं की बोट बुडत नाही, फक्त दोन माणसांनी उचलायची ती चौघांनाही उचलत नाही.

२० जानेवारी

पाण्याचा दाब. इथे दोन संध्याकाळी गेल्या आणि त्या सत्कारणी लागल्या.

शांत पाण्यात बोट ३० सेंटिमीटर बुडाली असेल तर तळावर दाब सुमारे ३ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर. तेवढ्याच दाबासाठी तळ आखला तर धक्क्याला बांधून ठेवलेली बोट छान राहील. लाटेवरून खाली आपटताना काय होतं, ते खरं मोजायचं आहे.

सावकाश चालणाऱ्या, म्हणजे पाण्यावर घसरत न धावणाऱ्या बोटीसाठी २००८ च्या आवृत्तीत मूळ दाबाचं सूत्र आहे : भरलेलं वजन किलोमध्ये घ्या, त्याचा ०.३३ वा घात, गुणिले २.४, अधिक २०. माझ्या ८०० किलोला उत्तर ४१.८ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर. चार मीटर खोल पाण्याखाली असतो त्याहून थोडा जास्तच. मग वर्गाचा गुणक : 'अ' ला १, 'ब' ला ०.८, 'क' ला ०.६, 'ड' ला ०.४. माझा दाब २५.१ वर आला.

यानंतर क्षेत्रफळाचा गुणक, आणि माझ्या मते अख्ख्या मानकातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. लाट आपटते तेव्हा जबर दाब अगदी छोट्या जागेवर येतो आणि क्षणात सरकतो. त्यामुळे तळहाताएवढ्या तुकड्यावर सरासरी दाब मोठा, टेबलाएवढ्यावर लहान. म्हणून एकाच बोटीच्या एकाच जागी तीन आकडे असतात : तक्त्यासाठी एक, त्याला आधार देणाऱ्या पट्टीसाठी त्याहून कमी, तिला धरणाऱ्या फ्रेमसाठी, म्हणजे आडव्या बरगडीसाठी, आणखी कमी. 'तळावर दाब किती?' या प्रश्नाला एक उत्तर नाही; आधी 'किती जागेवर?' हे सांगावं लागतं.

३०० बाय ९०० मिमीच्या तक्त्यासाठी गुणक ०.६०. म्हणजे धरायचा दाब १५.

वेगाने धावणाऱ्या बोटींचं प्रकरण वेगळं आहे. तिथे वेगाचा वर्ग येतो, तळाचा व्ही किती खोल ते येतं, आणि बोट गुरुत्वाकर्षणाच्या किती पटीने आपटेल याचा आकडा काढावा लागतो. ते सगळं वाचून काढलं. माझ्या इंजिनाच्या आवाक्यात नाही म्हणून इथे लिहीत नाही.

२५ जानेवारी

आता जाडी. चारी कडांनी घट्ट धरलेल्या, लांबट तक्त्याचं सूत्र : अरुंद बाजूचं माप, गुणिले वर्गमूळ (दाब गुणिले ०.५, भागिले १,००० आणि ताण यांचा गुणाकार). तक्ता चौरस असेल तर ०.५ च्या जागी ०.३०८, कारण तेव्हा चारही कडा मदतीला येतात. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त झाली की लांबीचा काही संबंध उरत नाही. भार जवळच्या दोन कडांकडेच जातो. म्हणून प्लायची वरची रेषा अरुंद दिशेने, एका पट्टीकडून दुसऱ्या पट्टीकडे. बोटीच्या लांबीच्या दिशेने रेषा ठेवली तर शीट कमी वाया जाते, दिसायलाही बरी दिसते. १४ तारखेचे ५ आणि २२ आठवायचे आणि मोह आवरायचा.

पट्ट्यांतलं अंतर बदलून तीनदा गणित केलं, दर वेळी क्षेत्रफळाचा गुणक नव्याने काढून :

२०० मिमी अंतर : दाब १९.७, जाडी ४.४ मिमी
३०० मिमी अंतर : दाब १५.१, जाडी ५.८ मिमी
४०० मिमी अंतर : दाब १२.८, जाडी ७.२ मिमी

या तीन ओळींनी पहिल्या दिवशीचा प्रश्नच फिरवला. जाडी कुणी ठरवत नाही, ती अंतरातून निघते. कुठल्याही बोटीचा तळ किती मिलिमीटरचा आहे हे ऐकून काही कळत नाही. आत पट्ट्या किती अंतरावर आहेत हे सोबत कळलं तर त्याला अर्थ. 'माझ्या बोटीला आठ मिमीचा तळ आहे' असं छातीठोक सांगणाऱ्याला आता मी अंतर विचारणार.

निवड : ३०० मिमी आणि ६ मिमी प्लाय. ४०० घेतलं तर बाजारातल्या मापात ८ मिमी लागतं आणि तळ किलोच्या हिशेबात थोडा जड होतो. २०० घेतलं तर गणिताला ५ मिमी पुरतं, पण पट्ट्यांचं जंगल होतं, इपॉक्सी लावायचे सांधे वाढतात, आणि खडकाळ काठावर बोट ओढली की ५ मिमीचं काय होईल ते मानकातल्या पाण्याच्या दाबात कुठेच येत नाही. काठासाठी तळाला बाहेरून लाकडी घासपट्ट्या लावायच्या, झिजल्या की बदलायच्या.

२६ जानेवारी

६ मिमीचा तक्ता पूर्ण दाबाखाली मधोमध ३ मिमी वाकेल. रुंदीच्या शंभराव्या हिश्शाएवढा. चालेल.

२ फेब्रुवारी

आता पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, दर ९०० मिमीवर आडव्या फ्रेमवर टेकणाऱ्या. पट्टीच्या वाट्याला दोन्ही बाजूंच्या तक्त्यांचा अर्धा-अर्धा भार, म्हणजे ३०० मिमी रुंदीचा पट्टा. तिच्यासाठी दाब ८.३, कारण क्षेत्राचा गुणक इथे ०.३३ वर उतरतो. एका मिलिमीटर लांबीवर २.४९ न्यूटन. टोकं फ्रेमपाशी पक्की धरलेली, पट्टी अखंड पुढे गेलेली, म्हणून बेंडिंग मोमेंट (पट्टीला वाकवणारा जोर) म्हणजे भार गुणिले अंतराचा वर्ग, भागिले १२. उत्तर १,६८,०००. ताण २० धरला तर लागणारा सेक्शन मॉड्युलस ८,४०० घन मिमी. २५ बाय ४५ उभी : ८,४३७. जमलं. शिवाय खाली चिकटलेलं प्लायही पट्टीबरोबर काम करतं, ते मी धरलेलं नाही.

'भागिले १२' वर थोडं थांबलो. टोकं नुसती टेकलेली असतील तर भागिले ८ येतं, म्हणजे मोमेंट दीडपट. आणि बाक पाचपट! टोक पक्कं धरणं की नुसतं टेकवणं, हा फरक सांध्यात असतो. तिथे इपॉक्सीचा गोलसर भराव नीट बसला नाही तर कागदावरचा १२ प्रत्यक्षात ८ कडे सरकतो. कारागिराचा हात गणितात शिरतो तो इथे.

आणि फ्रेमला खाच. पट्टी आरपार जायची तर फ्रेममध्ये ४५ मिमीची खाच पाडावी लागते. फ्रेम ९० मिमी उंच असेल तर त्या जागी ४५ उरतात : उंची निम्मी, ताकद वर्गाने उतरून पाव. फ्रेम ९० ची लिहिली आणि खाचेकडे पाहिलंच नाही तर कागदावर सगळं ठीक दिसतं. उपाय दोन : फ्रेमची उंची खाचेच्या वर मोजायची, किंवा पट्टी खाचेत इपॉक्सीने पक्की भरून वर जोडपट्टी चिकटवायची. मी पहिला घेतला. खाचेवर ९० मिमी शिल्लक, एकूण उंची १३५. पाय ठेवायच्या फळ्या वर सरकल्या, बसायची जागा थोडी उंच झाली. वजनाचा मध्य किती वर गेला ते स्थिरतेच्या कागदात बघायचं.

फ्रेमच्या तळाशी पाणी वाहून जायला भोकं हवीत. गोल, आणि सर्वांत जास्त ताण असलेल्या मधल्या भागापासून लांब.

माझ्या पेशाच्या भाषेत हे सगळं जमाखर्चासारखं आहे : तक्त्यावर जमा झालेला भार पट्टीच्या नावे, पट्टीचा फ्रेमच्या नावे, फ्रेमचा बाजूच्या भिंतींच्या नावे, आणि शेवटी तो आजूबाजूच्या पाण्यात परत. कुठेही रक्कम अडकून पडली की तिथे तडा.

५ फेब्रुवारी

मोठ्या जहाजांच्या पुस्तकांत सुरुवातच यापासून होते : लाट मधोमध आली की दोन्ही टोकं लोंबतात, लाटा टोकांना आल्या की मध्य झोळीसारखा लोंबतो. पाच मीटरच्या बोटीला याची किती काळजी? सगळ्यात वाईट धरून बघितलं : ८०० किलोची बोट मधल्या एकाच बिंदूवर टेकली आहे. मोमेंट ४,९०० न्यूटन-मीटर. बोटीची उंची ६० सेंमी, म्हणजे वरच्या काठाला सुमारे ८,२०० न्यूटनची ओढ. दोन्ही काठांच्या पट्ट्या २५ बाय ४० च्या, मिळून २,००० चौ. मिमी. ताण ४. परवानगी २० ची.

मिटलं. लहान बोट लांबीत मोडत नाही, तिचा तळ जागोजागी मार खातो. जहाजांचं ज्ञान सरसकट खाली उतरवायचं नाही.

९ फेब्रुवारी

पीळ मात्र वेगळा. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, उघडं. एका कोपऱ्याला धरून दुसरा उचलला तर सहज पिळलं. पुढच्या एक तृतीयांश भागावर डेक चिकटवला : बरंच ताठ. मागच्या बाकाच्या जागी बंद पेटी चिकटवली : दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. पुठ्ठा तोच, वजनात नावापुरती भर. बंद नळी पिळाला जो विरोध करते तो उघड्या पन्हाळीला जमत नाही, आणि उघडी बोट ही पन्हाळीच.

म्हणून पुढे छोटा डेक, त्याच्या मागे बल्कहेड (आतली आडवी भिंत), आणि दोन बाकं बंद पेट्यांची. पेट्यांमधली हवा बोट पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवेल; पण आत ओल साचू नये म्हणून झाकणं हवीत. झाकण म्हणजे भोक. भोकांकडे पुढच्या वेळी.

१५ फेब्रुवारी

१६ जानेवारी १९४३. अमेरिकेत पोर्टलंडजवळ 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. चाचण्या नुकत्याच झालेल्या, पाणी शांत. मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध तडकलं. डेकपासून दोन्ही बाजू फाटत खाली गेल्या, फक्त तळाचा पत्रा धरून राहिला. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, सदोष वेल्डिंग आणि ताण एकवटणाऱ्या जागा, असं सगळं जुळून आलं होतं. त्याच काळातल्या लिबर्टी नावाच्या मालवाहू जहाजांत तडे बऱ्याचदा हॅचच्या, म्हणजे डेकमधल्या मोठ्या तोंडाच्या, चौकोनी कोपऱ्यांपासून सुरू व्हायचे. पूर्वीच्या रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला थांबे. वेल्डिंगने सगळे पत्रे एकच झाल्यावर त्याला थांबायला जागाच उरली नाही. पुढे कोपरे गोल केले गेले आणि तडा अडवण्यासाठी रिव्हेटच्या पट्ट्या मारल्या गेल्या.

या जहाजाचा माझ्या प्लायच्या होडीशी थेट संबंध नाही, लाकूड तसं तडकत नाही. पण भोकाचं गणित सगळ्यांना लागू. ताणलेल्या रुंद पत्र्याला गोल भोक पाडलं तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. हे कीर्श या इंजिनिअरने १८९८ मध्ये दाखवलं. इंग्लिस या दुसऱ्या इंजिनिअरने १९१३ मध्ये लंबगोल भोकाचं मांडलं : एक अधिक दोनदा (लांब अर्धअक्ष भागिले आखूड अर्धअक्ष). ओढीला आडवं, पाचपट लांबट भोक असेल तर ताण अकरापट. करवतीने मारलेला काटकोनी कोपरा म्हणजे अशी बारीक फट तयारच ठेवणं.

झाकणांची भोकं गोल. चौकोनी लागलीच तर आधी कोपऱ्यांत मोठ्या होल-सॉने गोल पाडून मग सरळ रेषा कापायच्या, उलट क्रमाने नाही.

१९ फेब्रुवारी

इतर माल, थोडक्यात. बदलायचा विचार नाही, पण तुलना केल्याशिवाय प्लायचं मोल कळत नाही.

सँडविच. ४ मिमीचा भरीव फायबरग्लासचा थर घ्या. त्याचेच २-२ मिमीचे दोन थर करून मधे २० मिमी फोम घातला, तर ताठपणा ९१ पट होतो आणि वाकताना सोसायची ताकद १५ पट. वजनात फक्त फोमची भर. आकडा इतका मोठा आहे की मी तो घनांची वजाबाकी करून पुन्हा तपासला : २४ चा घन वजा २० चा घन, विरुद्ध ४ चा घन. बरोबर आहे. फुकट मात्र काही नाही. दोन थर एकमेकांवर घसरू नयेत ही जबाबदारी फोमवर येते, म्हणजे कातर ताण त्याने सोसायचा. टोकदार ठोक्याला २ मिमीचा बाहेरचा थर पुरत नाही. आणि क्लीट (दोर बांधायची खुंटी), बोल्ट, रिंग जिथे लागणार तिथे फोम काढून भरीव माल भरावा लागतो, नाहीतर बोल्ट आवळताना फोम चिरडतो आणि फटीतून पाणी आत.

अ‍ॅल्युमिनियम. ५०८३ हा बोटींचा नेहमीचा मिश्रधातू. कडक केलेल्या पत्र्याची यील्ड ताकद (ज्या ताणाला तो कायमचा वाकायला लागतो) किमान २१५ न्यूटन प्रति चौ. मिमी, पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पट्ट्यात १२५ च धरतात. गणित वेल्डच्या आकड्याने करायचं, आणि हुशारी असेल तर वेल्ड जास्त ताणाच्या जागेपासून लांब न्यायचा.

२५ फेब्रुवारी

ट्रान्सम, मागची भिंत. तिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. प्रोपेलर खाली पुढे ढकलतो, त्यामुळे पकडीच्या खाली इंजिनाचा पाय भिंतीला आत दाबतो आणि वरचा काठ मागे ओढला जातो. ७.५ किलोवॉट, निम्मी कार्यक्षमता, सेकंदाला ४ मीटर वेग : ढकल सुमारे ९४० न्यूटन. काठ ते प्रोपेलर अर्धा मीटर धरला तर मोमेंट ४७० न्यूटन-मीटर. हे नेहमीचं. पाण्याखालच्या दगडाला पाय धडकला तर क्षणभर किती, ते गणितात बसवायच्या भानगडीत मी पडत नाही.

भिंत नुसती जाड करून उपयोग नाही. ती मागे झुकायला बघते, तिला पुढून धरणारं काहीतरी हवं. मधे गुडघ्याच्या आकाराचा कोनतुकडा, भिंतीच्या वरच्या काठाजवळून खाली येऊन तळाच्या मधल्या पट्टीत मिसळणारा. तो पट्टीवर एकदम संपवायचा नाही. टोक निमुळतं करत नेऊन पुढच्या फ्रेमपाशी सोडायचं. एकदम संपलेलं टोक म्हणजे त्याच्यापुढच्या पातळ प्लायसाठी छिन्नी.

५ मार्च

नेव्हल आर्किटेक्ट बाईंकडून कागद परत आले. अंतर, पट्ट्या, फ्रेम मान्य. नव्या आवृत्तीनेही आकडे टिकतात. त्यांनी पेन्सिलीने एकच जागा गोल केली होती : बल्कहेड तळाला जिथे भेटतो ती रेषा. "तक्ता दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर वाकणार आणि ही भिंत जागची हलणार नाही. तुम्ही कोनतुकड्याचं टोक निमुळतं केलंत, मग इथे काय?" खालच्या कोपऱ्यात इपॉक्सीचा रुंद भराव आणि वर फायबरग्लासची टेप, प्रत्येक थर मागच्याहून रुंद, म्हणजे ताठपणा पायरीपायरीने उतरेल. आराखड्यात घातलं.

दुसरा प्रश्न शीटचा. "शीट २,४४० ची, बोट पाच मीटरची. जोड कुठे घेताय?" तिरकस जोड, एकास आठ : ६ मिमी प्लायला ४८ मिमी लांब उतार. दोन शीट जोडून ४,८३२ मिमी मिळतात. नाळ (बोटीचं पुढचं टोक) पुढे झुकलेली असल्यामुळे तळ त्यात बसतो, बाजूंना तिसरी शीट लागते. जोड फ्रेमपासून हातभर लांब आणि दोन्ही बाजूंचे जोड समोरासमोर नकोत, असं त्यांनी समासात लिहिलंय.

८ मार्च

जोडाची पट्टी तपासली. तीच ५० मिमी, तेच टेकू, तीच पाण्याची पिशवी. बाक ५ मिमी, अखंड पट्टीइतकाच. मग बादली. पट्टी मोडली ती जोडाच्या शेजारी, अखंड लाकडात. गोंदाची रेषा शाबूत. थोडं कमी इपॉक्सी लावून मुद्दाम केलेली दुसरी पट्टी जोडातच उघडली, आणि उघड्या पृष्ठावर लाकडाचे तंतू चिकटलेले जवळपास नव्हते. आता कुणाही मदतनिसाला ओल्या जोडात किती इपॉक्सी लागतं हे दाखवायला दोन्ही तुकडे कामाच्या टेबलाजवळ खिळ्याला टांगले आहेत. उद्यापासून शीटवर आखणी, तळापासून.